निर्वातातून एंटँगलमेंट काढायचं गणित: आधी सपाट अवकाश, कृष्णविवर नंतर

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी ‘एंटँगलमेंट हार्वेस्टिंग’ (निर्वात क्षेत्रातलं एंटँगलमेंट, म्हणजे क्वांटम गुंतणं, डिटेक्टरांकडे उतरवून घेणं) हा विषय घेणाऱ्या मुलांना माझी पहिली अट असते: कृष्णविवराचं नाव काढायचं नाही. निदान पहिला महिनाभर तरी. सपाट अवकाश, वस्तुमान नसलेलं स्केलर क्षेत्र (प्रत्येक बिंदूला एकच संख्या असलेलं साधं क्षेत्र) आणि जागच्या जागी उभे दोन डिटेक्टर, एवढ्यावर काम सुरू करायचं. हे गणित दोन-तीन संध्याकाळींत हाताने होतं, उत्तर बंद सूत्रात मिळतं आणि तपासायला लागतो फक्त फोनवरचा कॅल्क्युलेटर. दर वर्षी वेगवेगळ्या मुलांना तेच फळ्यावर लिहून दाखवते, म्हणून यंदा सविस्तर लिहून ठेवतेय.

प्रश्न असा आहे. दोन अणू एकमेकांपासून लांब ठेवलेत. दोघेही तळपातळीवर आहेत आणि एकमेकांशी थेट काही देणंघेणं नाही. दोघांनाही अगदी थोडा वेळ निर्वात क्षेत्राशी जोडायचं आणि सोडवायचं. हा वेळ इतका कमी की एकाकडून निघालेला प्रकाश दुसऱ्यापर्यंत पोचू नये. तरीही ते गुंतलेले निघू शकतात, कारण क्षेत्र आधीपासूनच गुंतलेलं आहे. क्षेत्र म्हणजे शेजाऱ्यांना जोडलेल्या असंख्य दोलकांची मांडणी, आणि जोडलेल्या दोलकांची तळअवस्था कधीच सुट्या सुट्या अवस्थांचा गुणाकार नसते. निर्वातात ‘काही नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा कण नाहीत एवढंच म्हणत असतो, सहसंबंध नाहीत असं नाही.

इतिहास थोडक्यात. निर्वाताच्या या गुणधर्माचं गणिती मूळ रे आणि श्लीडर यांच्या १९६१ च्या प्रमेयात आहे. १९८५ च्या सुमारास समर्स आणि वर्नर यांनी दाखवलं की निर्वात बेलची असमानताही, म्हणजे अभिजात सहसंबंधांची कमाल मर्यादाही, मोडतो. अणूंच्या जोडीकडे हे सहसंबंध उतरतात हे १९९१ मध्ये व्हॅलेंटिनीने मांडलं, २००३ मध्ये रेझ्निकने डिटेक्टर वापरून एंटँगलमेंटचं गणित केलं, आणि ‘हार्वेस्टिंग’ हे नाव रुळलं ते साल्टन, मान आणि मेनिकुची यांच्या २०१५ च्या निबंधापासून. प्रोजेक्टच्या पहिल्या प्रकरणाला एवढं पुरे. पंधरा पानं इतिहास लिहून आणलात तर मी कापणार आहे.

आता मांडणी. डिटेक्टर म्हणजे दोन पातळ्यांची एक बिंदुरूप प्रणाली. उनरूहने १९७६ मध्ये आणि डिविटने १९७९ मध्ये वापरलेलं हे मॉडेल आजही तसंच चालतं. आपल्या हातात चार गोष्टी असतात. दोन पातळ्यांमधला गॅप, म्हणजे ओमेगा. जोडणीची ताकद, म्हणजे लॅम्डा. ती लहान ठेवायची, कारण आपण दुसऱ्या घातापर्यंतच जाणार आहोत. डिटेक्टर किती वेळ चालू राहतो ते सांगणारा सिग्मा. चालू-बंद करण्याचा आकार गॉसियन घ्या, ई^(−वेळ² ÷ २सिग्मा²). आणि दोघांमधलं अंतर. प्रकाशाचा वेग आणि प्लांकचा स्थिरांक दोन्ही १ धरा.

इथेच एक सावधगिरी. काही निबंधांत गॉसियन लिहिताना भाजकातला २ नसतो, त्यामुळे त्यांचा कालावधी आपल्या सिग्माच्या √२ पट येतो. दोन निबंधांतले आलेख जुळत नाहीत म्हणून हैराण होण्याआधी हा २ शोधा.

चार गोष्टींपैकी लॅम्डा नुसता बाहेर गुणला जातो. उरलेल्या तिन्हींतून दोनच शुद्ध आकडे बनतात:

प = ओमेगा × सिग्मा
र = अंतर ÷ (२ × सिग्मा)

सगळं उत्तर या प आणि र वर ठरतं. तीन-तीन चलांचे रंगीत नकाशे काढत बसू नका.

क्षेत्र बाजूला काढल्यावर दोन डिटेक्टरांची चार बाय चारची घनता-मॅट्रिक्स (दोघांच्या अवस्थेचं पूर्ण वर्णन करणारा तक्ता) उरते. तिच्यातल्या दोन संख्या आपल्या कामाच्या. एक ‘ल’: एकटा डिटेक्टर नुसत्या चालू-बंद करण्याने उत्तेजित होण्याची शक्यता. हा गोंगाट. दुसरी ‘म’: ‘दोघंही खाली’ आणि ‘दोघंही वर’ या अवस्थांना जोडणारं पद. हा माल. मॅट्रिक्सचं अर्धं ट्रान्स्पोज घेतलं की ‘म’ मधल्या दोन बाय दोनच्या खोक्यात जाऊन बसतं, कर्णावर ‘ल’ असतो, आणि आयगेनमूल्य ल − म येतं. ते ऋण निघालं तर अवस्था गुंतलेली. म्हणून एकसारख्या डिटेक्टरांसाठी गुंतण्याचं माप, निगेटिव्हिटी, असं येतं:

निगेटिव्हिटी = म − ल (ऋण आली तर शून्य)

मॅट्रिक्समध्ये दोन्ही डिटेक्टरांना जोडणारं आणखी एक पद असतं, ‘एक वर, एक खाली’ प्रकारचं. ते सहसंबंधांत मोजलं जातं, पण या घातापर्यंत निगेटिव्हिटीत येत नाही. मुलं ते गाळतात आणि ‘का गाळलं?’ या प्रश्नाला अडखळतात. उत्तर वर दिलंय: अर्ध्या ट्रान्स्पोजनंतर ते बाहेरच्या खोक्यात जातं आणि तिथे त्याचा परिणाम लॅम्डाच्या चौथ्या घाताचा असतो.

ल काढताना वेळेच्या इंटिग्रलच्या नादी न लागता तरंगसंख्येत जा. गॉसियनचं फूरिए रूपांतर गॉसियनच, त्याचा वर्ग घ्या, ओमेगा अधिक तरंगसंख्या या बिंदूवर मांडा आणि सगळ्या तरंगसंख्यांवर इंटिग्रेट करा. ओळी चार. म साठी दोन वेळांच्या बेरीज आणि वजाबाकी या नव्या चलांत जा. गॉसियनची गंमत ही की ही चलं सुटी होतात. बेरजेच्या इंटिग्रलमधून ई^(−प²) बाहेर पडतो. वजाबाकीच्या इंटिग्रलमध्ये फाइनमन प्रोपगेटर (दोन जागा-वेळांमधलं क्षेत्राचं नातं सांगणारं फलन) येतो, आणि त्याचा पोल बरोबर ‘वेळेतला फरक = अंतर’ या जागी, म्हणजे प्रकाशशंकूवर असतो. तिथे इंटिग्रलचे दोन तुकडे पडतात: मुख्य मूल्याचा आणि डेल्टाचा. ते वेगवेगळे लिहून ठेवा, घाईने एकत्र करू नका. पुढे सगळी मजा त्यातच आहे.

गोळाबेरीज अशी:

गुणक = लॅम्डा² × ई^(−प²) ÷ (४ × पाय)
ल = गुणक × [१ − √पाय × प × ई^(प²) × अर्फसी(प)]
म१ = गुणक × डॉसन(र) ÷ र
म२ = गुणक × (√पाय ÷ २) × ई^(−र²) ÷ र
म = √(म१² + म२²)

अर्फसी म्हणजे पूरक त्रुटी-फलन. ते कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये असतं. डॉसन फलन स्प्रेडशीटमध्ये सहसा नसतं, पायथॉनच्या सायपायमध्ये असतं. लॅपटॉप नसेल तर मालिकेने काढा: पहिलं पद र, आणि पुढचं प्रत्येक पद मागच्याला −२र² ने गुणून क्रमाने ३, ५, ७, ९ ने भागत जायचं. र तीनच्या आत असेल तर चाळीसेक पदं भरपूर झाली.

निबंधांत हेच सूत्र काल्पनिक त्रुटी-फलनात लिहिलेलं सापडेल. संगणकावर ते तसं टाकू नका. मोठ्या र ला एक घटक अवाढव्य फुगतो, दुसरा शून्याला टेकतो, आणि गुणाकाराऐवजी ‘संख्या नाही’ असा शेरा येतो. डॉसनमध्ये दोन्ही आधीच एकत्र असल्याने तो त्रास नाही. तसंच ई^(प²) × अर्फसी(प) हे सुटंसुटं न काढता सायपायचं त्यासाठीचं खास फलन वापरा.

आता गुणक दोन्हीकडे सारखाच आहे, तेव्हा तुलना फक्त कंसांची. गोंगाटाचा कंस: प = ० ला १, ०.५ ला ०.४५४, १ ला ०.२४२, १.५ ला ०.१४५, २ ला ०.०९५, ३ ला ०.०४८. मालातल्या म१ चा कंस, डॉसन(र) ÷ र: र = ०.५ ला ०.८४९, १ ला ०.५३८, १.५ ला ०.२८५, २ ला ०.१५१, २.५ ला ०.०८९. दोन्ही यादी वहीत शेजारी शेजारी लिहा आणि मगच आलेखाला हात घाला.

उदाहरणादाखल प = १ घ्या आणि डिटेक्टर २ सिग्मा अंतरावर ठेवा, म्हणजे र = १. ल येतो ०.००७१ लॅम्डा², म येतो ०.०१८४ लॅम्डा². गुंतले. आता त्यांना ४ सिग्मावर न्या: म घसरून ०.००४४ होतो, ल आहे तिथेच. संपलं. पण याच ४ सिग्मावर गॅप दुप्पट करा, प = २. दोन्ही संख्या लहान होतात, मात्र ल जास्त वेगाने: ल ०.०००१३८, म ०.०००२२०. पुन्हा गुंतले!

असं का व्हावं? ‘ल’ या प्रक्रियेत डिटेक्टर वर जातो आणि मागे क्षेत्रात एक खराखुरा क्वांटम सोडून जातो. दोन्हीची ऊर्जा चालू-बंद करण्यातून यावी लागते. ‘म’ मध्ये मागे काहीच उरत नाही, दोघं वर जातात आणि क्षेत्र पुन्हा निर्वात असतं. गॅप वाढवला की दोन्ही महाग होतात, पण गोंगाटावर त्या जादा क्वांटमचा भुर्दंड असतो. मोठ्या प साठी दोन्ही कंसांचा विस्तार करून पाहा, म१ आणि ल सारखे होतात ती सीमा र² ≈ प² + २ अशी येते. प = २ ला हे सूत्र र = २.४५ देतं, नेमकं उत्तर २.४४ च्या आसपास; प = १ ला मात्र १.७३ देतं आणि खरं १.६२ आहे. म्हणजे गॅप मोठा असताना साधारण अंतर < २ × ओमेगा × सिग्मा² हा नियम हाताशी ठेवायला बरा.

याचा अर्थ गॅप हवा तितका वाढवून हव्या त्या अंतरावर एंटँगलमेंट काढता येतं. किंमत बाहेरच्या ई^(−प²) मध्ये मोजावी लागते. लॅम्डा = ०.१ धरला तर पहिल्या उदाहरणात निगेटिव्हिटी सुमारे ०.०००११, आणि ४ सिग्मावरच्या उदाहरणात एक कोटीत आठ. ४ सिग्मावर सगळ्यात जास्त उतारा प पावणेदोनच्या आसपास असताना मिळतो. तो बिंदू स्वतः शोधा, चांगला व्यायाम आहे.

आता त्या दोन तुकड्यांकडे, म्हणजे म१ आणि म२ कडे. माझ्या मते या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं काम इथे आहे, आणि कितीतरी प्रोजेक्ट ते न करताच संपतात.

म१ येतो क्षेत्राच्या अँटिकम्युटेटरमधून (दोन बिंदूंवरच्या क्षेत्रांचे दोन उलटसुलट क्रमांतले गुणाकार, त्यांची बेरीज). तो अवस्थेवर अवलंबून असतो. निर्वात म्हणजे काय ते त्याला माहीत आहे. म२ येतो कम्युटेटरमधून (त्याच गुणाकारांची वजाबाकी), आणि कम्युटेटर कुठल्याही अवस्थेत तोच राहतो. क्षेत्रात निर्वात असो, उष्णता असो, काहीही असो, म२ ला फरक पडत नाही. म्हणजे म२ मुळे आलेलं एंटँगलमेंट निर्वातातून काढलेलं नसून, दोन डिटेक्टरांनी क्षेत्रामार्फत एकमेकांशी बोलून स्वतः तयार केलेलं असतं. गॉसियनला शेपट्या असतात, अंतर कितीही ठेवलं तरी दोघांची थोडीशी भेट होतेच. एरिक्सन चोआ आणि एदुआर्दो मार्टिन-मार्टिनेझ यांनी २०२१ मध्ये हा मुद्दा नीट मांडला. त्याआधीच्या बऱ्याच कामात हे दोन्ही एकाच थैलीत पडायचे.

आपल्या सूत्रांत दोघांची तुलना लगेच होते. अंतर १.४६ सिग्माच्या आसपास असताना म१ आणि म२ सारखे असतात. त्याहून जवळ गेलात तर मुख्यतः बोलाचाली. २ सिग्मावर म१ हा म२ च्या १.६५ पट, ४ सिग्मावर साडेअठरा पट. म्हणून माझा नियम: आलेखात नेहमी दोन रेषा काढायच्या, एक म − ल ची आणि एक म१ − ल ची. दुसरी शून्याच्या वर असेल तरच ‘निर्वातातून काढलं’ असं लिहायचं. डाव्या टोकाला पहिली रेषा आभाळाला भिडलेली दिसेल आणि मोह होईल. तिथली उंची निर्वाताची नव्हे.

या विभागणीतून एक तपासणीही फुकट मिळते. प = ० ठेवा, म्हणजे गॅपच नाही. गोंगाटाचा कंस १ होतो, आणि डॉसन(र) ÷ र हा कधीच १ च्या वर जात नाही. म्हणजे गॅप नसलेले डिटेक्टर निर्वातातून खरं एंटँगलमेंट काढूच शकत नाहीत. हे फक्त गॉसियनपुरतं नाही. पोझास-केर्स्टिएन्स, लोउको आणि मार्टिन-मार्टिनेझ यांनी २०१७ मध्ये स्पेसलाइक, म्हणजे एकमेकांपर्यंत प्रकाश पोचू न शकणाऱ्या, डिटेक्टरांसाठी ते सर्वसाधारणपणे सिद्ध केलं. तुमचा प्रोग्रॅम प = ० ला म१ − ल धन दाखवत असेल तर पुढे जाऊ नका, कुठेतरी २ किंवा पाय राहिलाय. याच्याच जवळचं दुसरं बंधन: प्रत्येक डिटेक्टर एकाच क्षणी, डेल्टा फलनासारखा, चालू-बंद केला तरी काही हाती लागत नाही. गणित सोपं होतं म्हणून डेल्टा घ्यायची हौस मुलांना असते. एका डेल्टाने उत्तर नेहमी शून्य. क्षेत्राशी काही काळ राहावं लागतं.

आणखी एक सोपी वाटणारी वाट म्हणजे एकच अवकाश-मिती घेणं. तिथे वस्तुमानरहित क्षेत्राला लांब तरंगांच्या टोकाला अनंत येतं, मग कटऑफ घाला, किंवा क्षेत्राऐवजी त्याच्या डेरिव्हेटिव्हला डिटेक्टर जोडा. शिवाय तिथे कम्युटेटर प्रकाशशंकूच्या आतही शून्य होत नाही, त्यामुळे बोलाचाली वेगळी काढणं अवघड जातं. तीन मिती कागदावर लांब दिसतात, पण निस्तरायला हलक्या.

एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, हमखास विचारतात, ‘हे खऱ्या जगात केवढं?’ तेव्हा हा हिशेब तयार ठेवा. सुपरकंडक्टिंग क्यूबिटचा (दोन पातळ्यांच्या अतिसंवाहक सर्किटचा) गॅप पाच गिगाहर्ट्झ धरू. प = २ हवा तर सिग्मा साधारण ६४ पिकोसेकंद. तेवढ्यात प्रकाश १.९ सेंटिमीटर जातो, म्हणजे ४ सिग्मा म्हणजे साडेसात सेंटिमीटरच्या आसपास. अंतर टेबलावर मावतं. पण क्यूबिटची जोडणी साठ-सत्तर पिकोसेकंदांत चालू करून बंद करणं, तेही स्वतःचा गोंगाट न घालता, हे कठीण. दृश्य प्रकाशाच्या अणूला, ५०० नॅनोमीटरचं संक्रमण धरलं तर, सिग्मा अर्ध्या फेम्टोसेकंदावर येतो. आणि हे आकडे मोकळ्या त्रिमितीतल्या स्केलर मॉडेलचे आहेत. चिपवरची तार एकमितीय असते, म्हणून ‘अंदाज’ हा शब्द सोडू नका.

प्रयोग कुठवर आलेत? झुरिचच्या ईटीएचमध्ये जेरोम फाइस्ट यांच्या गटाने २०१९ मध्ये ४ केल्विनला थंड केलेल्या झिंक टेल्युराइडच्या स्फटिकातून दोन फेम्टोसेकंद लेसर-स्पंद पाठवले आणि दोन वेगळ्या जागी-वेळी निर्वातातल्या विद्युतक्षेत्राचे सहसंबंध मोजले. २०२२ मध्ये त्याच गटाने दोन्ही बिंदू एकमेकांच्या प्रकाशशंकूबाहेर असतानाचे सहसंबंध नोंदवले. आपल्या भाषेत सांगायचं तर म१ ज्यातून येतो ते क्षेत्राचे सहसंबंध तिथे दिसले. दोन डिटेक्टर गुंतवून बाहेर काढलेत असा तो प्रयोग नाही. प्रोजेक्टमध्ये हा फरक गिळू नका.

एवढं झालं की पुढची पायरी निवडा. मी तापमान सुचवते. निर्वाताऐवजी क्षेत्र उष्ण घ्या: ल वाढतो, म१ बदलतो, म२ जिथल्या तिथे. एकूण सहसंबंध वाढत असताना निगेटिव्हिटी घटते, आणि का घटते ते वरच्या तीन ओळींच्या सूत्रांतून तुम्हाला सांगता यायला हवं. त्वरण असलेले डिटेक्टर घेणाऱ्यांनी आयआयटी गुवाहाटीतल्या बिभास माझींच्या गटाचं काम जरूर पाहावं, आपल्याकडे हा विषय तिथे बारकाईने केला जातो.

कृष्णविवर अजूनही हवंच असेल, तर हेंडरसन, हेनिगार, मान, स्मिथ आणि झांग यांचा २०१८ चा निबंध उघडा. त्यात दोन अवकाश-मितींतलं बीटीझेड कृष्णविवर आहे, आणि क्षितिजाजवळ असा पट्टा सापडतो जिथून एंटँगलमेंट काढताच येत नाही. निबंध वाचताना प्रत्येक आलेखाशी थांबून ल कुठला आणि म कुठला ते पेन्सिलीने लिहा, आणि म२ किती असेल याचा अंदाज बांधा. ते पान घेऊन या, मग आपण फॉर्मवर विषयाचं नाव भरू.